निवांतताई

निवांतताईंना माझ्या आईचा मेसेज आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी गरम मण्यांच्या कुंडीत धरून उभी होते. कुंडी म्हणजे विजेवर तापणारं भांडं, त्यात मोहरीएवढे काचेचे मणी. प्लॅस्टिकची फ्रेम त्यात खुपसली की मऊ पडते, मग काडी कानामागे हवी तशी वळवता येते. किती वेळ धरायची ते हाताला कळतं, असं मालक म्हणतात, आणि माझ्या हाताला एरवी कळतंही. पण काउंटरखाली ठेवलेला फोन उजळला, आणि निवांतताईंच्या खात्यावर आलेल्या त्या मेसेजच्या बाजूला एक छोटासा गोल फोटो होता, शिलाई मशीनचा. माझ्या आईने स्वतःच्या फोटोच्या जागी मशीनच लावलेलं आहे. 'निवांतताई नमस्कार तुम्ही मला ओळखत नाही मी तिची आई. तुम्ही माझ्या मुलीच्या फोटोंवर नेहमी चांगलं लिहिता ते मी वाचते. थोडं बोलायचं होतं वेळ असेल तेव्हा. घाई नाही.' मी वाचलं, परत वाचलं. यातली 'ती' म्हणजे मी. आणि आता लपवून काय करायचंय, निवांतताई म्हणजे पण मीच.

"पोरी," मालक नंबर काढायच्या खोलीतून डोकावून म्हणाले, "कुंडीत फ्रेम ठेवून गावाला जायचं नसतं."

काडी बाहेर काढली तेव्हा ती ओल्या दोरीसारखी लोंबत होती. समोरचे गृहस्थ आरशात स्वतःकडे बघत होते, त्यांचं लक्षच नव्हतं. मालकांनी त्यांना तसलीच नवी फ्रेम कपाटातून काढून दिली, माफी मागितली, हवामानावर बोलले, दारापर्यंत सोडून आले, आणि परत येऊन मला काहीच बोलले नाहीत. मालकांची बोलणी परवडतात, गप्प बसणं परवडत नाही. मी मागच्या टेबलाशी जाऊन स्क्रूची डबी उगाच आवरत बसले. चोरी पकडली जावी तसं वाटत होतं, आणि पकडलं तर कुणीच नव्हतं. उलट आईने चोराच्या दारात जाऊन 'नमस्कार, आत येऊ का' म्हणून विचारलं होतं.

निवांतताईंचा जन्म या दुकानातच झाला. मागच्या बाजूला खिडकीपाशी उजेड चांगला असतो, तिथे मी जेवणाच्या सुट्टीत स्वतःचा फोटो काढते. काढते म्हणजे, काढत राहते, एक बरा येईपर्यंत. मग स्क्रीनवर बोटाने नाक दोन्ही बाजूंनी आत ढकलायचं, गाल थोडे कमी, डोळ्यांखालचं काळं पुसायचं, आणि टाकायचा. पुढचं काम वाट बघण्याचं. काचा घासायच्या मशीनवर बसले तरी अंगठा आतल्या आत वळवळत असतो, स्क्रीन खाली ओढून बघावी, कुणी काही म्हटलं का. एका दुपारी कुणीच काही म्हटलं नाही. संध्याकाळ झाली तरी नाही. माझ्या बरोबर शिकलेल्या एकीने त्याच वेळी आपल्या भाजलेल्या बोटाचा फोटो टाकला होता, त्यावर झुंबड. मला त्या बोटाचा हेवा वाटला, इथपर्यंत माझी मजल गेली होती. तेव्हा मी दुसरं खातं उघडलं. नाव काय द्यावं सुचेना, डोक्यात आलं 'निवांत'. फोटोच्या जागी खिडकीच्या कट्ट्यावरचा चहाचा कप. आणि त्या खात्यावरून स्वतःच्या फोटोखाली लिहिलं, 'किती शांत चेहरा आहे. डोळ्यांत काहीतरी आहे तुझ्या.' गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून दुकानदार मेव्हण्याला दुकानात उभं करतो ना, तशातला प्रकार. बोहनी झाली की मग बाकीचे येतात, असं मी मनाशी म्हटलं. बाकीचे आले, नाही आले, ते सोडा. पण ते वाक्य मी घरी जाताना रस्त्यात उघडून वाचलं, जेवताना वाचलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. स्वतःच्या हाताने स्वतःची पाठ थोपटता येत नाही म्हणतात. येते. फक्त हात जरा जास्त वळवावा लागतो.

मग त्यांची सवय लागली. निवांतताई पस्तिशीच्या असाव्यात. त्यांच्या घरात झाडं असावीत. त्यांना कधी कुठे जायची घाई नसते आणि कुणाचं वाईट दिसत नाही. मी स्वतः बनवलेल्या बाईला मनातल्या मनातसुद्धा अहो-जाहो करते, यावरून काय ते समजा. त्या प्रत्येक फोटोखाली लिहीत, कधी लगेच, कधी मुद्दाम उशिरा, म्हणजे खरं वाटावं. मी त्यांना उत्तर देई, 'ताई, तुमचं आपलं काहीतरीच.' दुकानाच्या मागच्या टेबलाशी बसून मी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जायची आणि लाजायची. हे कुणाला सांगितलं तर हसेल. मला हसू यायचं नाही, मला थकवा यायचा. दिवसभर दोन बायकांचं काम एकीने करायचं म्हटल्यावर येणारच.

नाकाचं सांगायचं राहिलं. माझं नाक बसकं आहे, डोळ्यांच्या मधे उंचवटाच नाही म्हणावा इतकं. आमच्या धंद्यात अशा नाकाला अडचणीचं नाक म्हणतात, चष्मा घसरतो, नोजपॅड जाड लावावे लागतात. लोकांच्या नाकांवर मी दिवसभर चष्मे बसवते, तिरकं असो, फताडं असो, प्रत्येकाला म्हणते, छान बसलाय. आणि ते खरंच छान बसलेले असतात. लहानपणी आत्या यायची, सगळ्यांसमोर माझी हनुवटी धरून म्हणायची, "हिचं नाक देताना देवाकडचा माल संपला होता वाटतं." सगळे हसायचे. आईसुद्धा हसायची. तिचं हसणं मला जास्त लागायचं, कारण नाक तिचंच आहे. हुबेहूब. बाबा मालाच्या गाडीवर असतात, महिन्यातले बरेच दिवस बाहेर, त्यांचं नाक सरळ, धारदार, ते मला मिळालं नाही. एकदा मी रात्री नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून झोपले. सकाळी उठले तर नाकाला चिमटा नव्हता, आणि आई त्याच चिमट्याने माझा शाळेचा सदरा दोरीवर लावत होती. आमच्या घरात जे लागतं त्याच्याबद्दल बोलत नाहीत, बाकी सगळ्याबद्दल बोलतात.

आई घरीच कपड्यांची दुरुस्ती करते. पँटची उंची कमी करणं, कंबर सोडणं, चेन बदलणं. बाहेरच्या खोलीत तिचं मशीन, खुंटीवर लोकांच्या पँटी, जमिनीवर धाग्याचे तुकडे. तिला फोन मीच घेऊन दिला, खातंही मीच उघडून दिलं, आणि त्याच आठवड्यात पस्तावले. माझ्या एका फोटोखाली तिने लिहिलं, 'बाळा जेवलीस का डबा तसाच परत आणू नको.' मी दुकानातून फोन करून तिला म्हटलं, "आई, तिथे हे असलं लिहायचं नसतं. लोक बघतात." ती म्हणाली, "मग काय लिहायचं असतं?" मी म्हटलं, "काहीच नको. तू नुसतं बघ." ते वाक्य पुसून टाकलं. तेव्हापासून ती नुसतं बघते. एका शब्दाने तिथे काही लिहिलेलं नाही. आणि आता तीच बाई, जिला लिहायची परवानगी आहे तिला जाऊन विचारत होती, थोडं बोलायचं होतं.

त्या दिवशी मला उत्तर द्यायचं नव्हतं. खातं बंद करून टाकावं असंच मनात होतं. मग घरी गेले तर आई जेवताना फोन मांडीवर उपडा ठेवून बसलेली, मधूनच सुलटा करायची, बघायची, उपडा ठेवायची. हे मी ओळखते. हे मी रोज करते. ते आईला करताना बघवेना. हात धुवायच्या निमित्ताने उठले आणि निवांतताईंनी लिहिलं, 'नमस्कार. बोला ना.' बाहेरून आईने ताट उचलल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. ती एका बोटाने लिहिते.

तिने विचारलं होतं, ती तुमच्याशी बोलते का. मी लिहिलं, कधी कधी. तिने लिहिलं, 'बरं वाटलं. आमच्याशी बोलत नाही. दुकानातून येते जेवते फोन घेऊन बसते. मी काही विचारलं की खेकसते. पूर्वी अशी नव्हती पूर्वी नुसती बडबड. तिला जवळची कोणी मैत्रीण नाही याची मला काळजी होती. मग तुमचं लिहिलेलं दिसायला लागलं. मी म्हटलं एक तरी आहे.' हे मी पलंगावर पडून वाचत होते आणि भिंतीपलीकडे आई मशीनच्या तेलाची बाटली शोधत होती, मला विचारत होती, "तू पाहिलीस का गं बाटली?" मी म्हटलं, "मला काय माहीत, तुझी वस्तू तू बघ." म्हणजे खेकसलेच. आणि लगेच दुसऱ्या खात्यातून लिहिलं, 'तुम्ही काळजी करू नका. ती मनाने फार चांगली आहे.'

असे बरेच दिवस गेले. आई निवांतताईंना दुपारी लिहायची, काम हलकं असलं की. कुणाच्या पँटच्या खिशात सुकलेलं पान सापडलं, कुणी बारीक झालंय तर कुणी सुटलंय. 'शिलाई उसवून परत घालणं जास्त अवघड ताई नवीन शिवणं सोपं.' ती मला हे कधी सांगत नाही. सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, तेही खरं. काचा घासताना मी आईच्या मेसेजची वाट बघायला लागले. माझ्या फोटोंवर कुणी काय म्हटलं याची नव्हे, तर निवांतताईंना आई आज काय सांगते याची. आणि मग मला निवांतताईंचा राग यायला लागला. गंमत वाटेल, पण खरोखर राग. माझी आई त्या बाईशी कशी मोकळी बोलते, आणि मला म्हणते "डबा खाल्लास का". संध्याकाळी जेवताना आई म्हणायची, "एका बाईंची ओळख झालीय माझी. फार समजूतदार आहेत." मी म्हणायची, "असतील." आणि आणखी भाजी वाढून घ्यायची.

एकदा तिने विचारलं, 'तिच्याशी कसं वागावं तुम्ही सांगा तुम्हाला कळतं तिचं.' मी बराच विचार केला. कसं वागावं माझ्याशी? मग लिहिलं, 'तिला काही विचारू नका. तिच्याजवळ नुसतं बसत जा.' त्या संध्याकाळी आई एक पँट आणि उसवायची छोटी कात्री घेऊन माझ्या खोलीत आली, पलंगाच्या कडेला बसली आणि धागा उसवायला लागली. खोलीत नुसता कात्रीचा बारीक आवाज. मला रडू येईल असं वाटलं, कारण मला नेमकं हेच हवं होतं. आणि मग मनात आलं, हे मीच मागवलंय. ती माझ्यासाठी आलेली नाही, तिला सांगितलं म्हणून आलीय, आणि सांगणारीही मीच. चव गेली त्या बसण्याची. तरी मी तिला जा म्हटलं नाही, आणि आई रोज येत राहिली, न चुकता, औषधाची वेळ पाळावी तशी.

दुकानात त्या दिवसांत एक कॉलेजातली मुलगी फ्रेम बघायला आली होती. एकेक फ्रेम लावायची, ओठ जरा पुढे काढायची, फोटो काढायची आणि कुणाला तरी पाठवायची. आरशात कुणीच आपल्या नेहमीच्या चेहऱ्याने बघत नाही, हे मी पहिल्याच महिन्यात शिकले. गाल आत घेतात, भुवया उचलतात, अगदी म्हातारे गृहस्थसुद्धा जरा कडक होतात. ही पोरगी पाठवून झाल्यावर फोन हातात धरून उभी राहिली. उत्तर येईना. मी म्हटलं, "ही तपकिरी तुला छान दिसते." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "थांबा, विचारलंय." थोड्या वेळाने फ्रेम ठेवून निघून गेली. मालक म्हणाले, "पूर्वी लोक आरशाला विचारायचे, नाहीतर बायकोला. आता कोणाला विचारतात तेच कळत नाही." मला ती कुणाला विचारत होती ते पक्कं ठाऊक होतं. कुणालाच नाही. पण मी मालकांना काय सांगणार.

आणि मग एका दुपारी आईने नाकाचं लिहिलं. त्यात नमस्कार नव्हता, काही नव्हतं. 'निवांतताई एक विचारू का राग मानू नका. तिचं नाक माझ्यावर गेलंय. फोटोत ते दिसत नाही. मी आधी म्हटलं फोन जुना आहे. मग लक्षात आलं ती काढून टाकते. तिला माझ्यासारखं दिसायला नको वाटत असेल का. तिला माझी लाज वाटते का. तुमच्याशी कधी बोललीय का.' मी तेव्हा एका बाईंच्या बुबुळांमधलं अंतर मोजत होते, पट्टी त्यांच्या नाकावर धरून, आणि फोन समोरच पडला होता. पट्टी हलली. त्या म्हणाल्या, "किती झालं?" मी म्हटलं, "परत एकदा बघू." परत बघितलं, परत हललं. मालक आले आणि त्यांनी माझ्या हातातून पट्टी घेतली. मी मागे जाऊन नळाखाली तोंड धुतलं. नळावरच्या छोट्या आरशात नाक होतं. ते मी किती वर्षं माझं समजून ढकलत होते, आत, बोटाने, रोज. ते आईच्या चेहऱ्यावर पण आहे हे मला माहीत होतं, पण आईला ते ढकललेलं दिसत असेल हे माझ्या गावीही नव्हतं. बघ म्हटलं होतं ना मी तिला, नुसतं बघ. ती बघत होती.

निवांतताईंनी काय लिहावं? खरं लिहायचं तर असं, की हो, तिला ते नाक नको आहे, पण त्यात तुम्ही नव्हतात, तुमचा विचारच तिने केला नाही. हे तर जास्तच वाईट. मग त्यांनी त्यांच्या पद्धतीने लिहिलं, 'अहो, भलतंच काय मनात आणता. ती मला स्वतः म्हणाली आहे, आईचं नाक मला फार आवडतं.' पाठवून दिलं. बऱ्याच वेळाने आईचं आलं, 'असं म्हणाली?' आणि नंतर, 'तुम्ही उगाच नाही ना म्हणत.' निवांतताई म्हणाल्या, 'मी कशाला उगाच म्हणू.' संध्याकाळी घरी गेले तर आई मशीनवर बसून काहीतरी गुणगुणत होती. सूर धड नव्हता. मला बघून थांबली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मी नजर चुकवून आत गेले. तिची ती माया मी निवांतताईंच्या खोट्यावर मिळवली होती. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. डोकं दुखतंय म्हटलं.

दुकान बंद असतं त्या दिवशी मी उशिरा उठते. चहा घेत बसले होते, केस विंचरलेले नव्हते, तर आई शेजारी येऊन टेकली, फोन लांब धरला आणि फोटो काढला. मी तोंड फिरवेपर्यंत काढूनही झाला. "आई, विचारल्याशिवाय काढत नको जाऊस गं." ती म्हणाली, "अगं, दोघींचा एकही नाही आपला. परवा तुझा वाढदिवस, म्हटलं टाकावा." मी म्हटलं, "हा टाकशील तर बघ. अशी अवतारात." "बरं," ती म्हणाली, आणि फोन पोटाशी धरून मशीनच्या खोलीत गेली. तिचं 'बरं' मला नंतर खात राहिलं. वाद घालायची नाही, रुसायची नाही, नुसतं बरं. मी खोलीत जाऊन पडले. दुपार वर आली होती, बाहेर कुणी गाडी धूत होतं, त्याच्या पाण्याचा आवाज येत होता. मी स्वतःचे जुने फोटो खालपर्यंत बघत गेले. सगळ्या फोटोंत एकच मुलगी होती आणि ती आमच्या घरातली वाटत नव्हती.

मग निवांतताईंना मेसेज आला. सोबत सकाळचा फोटो. 'ताई हा कसा वाटतो बघा. तिला आवडला नाही ती चिडली. मी बाजूच्या मुलीकडून नाक बारीक करायचं शिकून घेतलं. माझं केलं. तिच्या नाकाला हात लावला नाही ते मला आवडतं. आता बरा दिसतो ना. आता टाकला तर तिला लाज वाटणार नाही ना.'

मी फोटो मोठा करून बघितला. आईने स्वतःचं नाक बोटाने ढकललं होतं, भलतंच, सुरीसारखं झालं होतं, आणि ढकलताना मागची दाराची चौकटही आत वाकली होती. तिला ते दिसलं नसणार. तिच्याच शेजारी मी, तोंड अर्धं फिरवलेलं, केस विस्कटलेले, आणि माझ्या चेहऱ्यावर तिचं नाक, होतं तसं. आई कुणीतरी अनोळखी बाई वाटत होती, आणि शेजारी बसलेली मुलगी तिची वाटत नव्हती. मी निवांतताईंच्या नावाने लिहायला घेतलं. 'फोटो छान आहे, पण' एवढं लिहिलं. पुसलं. 'तुम्ही जशा आहात तशाच' एवढं लिहिलं. मला त्या वाक्याची शिसारी आली. निवांतताईंना सगळं किती सुचायचं, आणि सगळं किती गोड. आत्तापर्यंत त्यांनी एकदाही कुणाचं नाक बघितलं नव्हतं.

मी उठून बाहेर गेले. आई मशीनशी बसली होती, पण मशीन बंद होतं. एका पँटचा पाय सुईखाली अर्धवट, आणि तिची नजर मांडीवरच्या फोनकडे.

"जेवायला वाढू का?" ती म्हणाली. "थांब हं जरा. एका बाईंचं उत्तर यायचंय."

"नाही यायचं," मी म्हटलं.

"का? तुला काय माहीत?"

"आई, निवांतताई म्हणजे मी."

तिला कळलं नाही. "म्हणजे तुझ्या ओळखीच्या, ते मला ठाऊक आहे."

"ओळखीच्या नाहीत. तशी बाईच नाही कुणी. ते खातं माझं आहे. सगळं मीच लिहायचे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी उभीच होते. घरात एवढी जागा आहे, पण कुठे बसावं कळेना.

"फोटोंवर पण?"

"हो."

"ते डोळ्यांत काहीतरी आहे, ते पण?"

"ते पण मीच."

मी तयार होते. ती चिडेल, रडेल, आत्याला सांगेल, बाबांना सांगेल, निदान म्हणेल की एवढे दिवस मला मूर्ख बनवलंस. मी म्हटलंही असतं, हो बनवलं. तिने फोन मशीनच्या फळीवर ठेवला, सुलटा.

"आणि ते माझ्या नाकाचं," ती म्हणाली, "तू म्हणालीस म्हणून त्या म्हणाल्या ते?"

इथे खोटं बोलणं फार सोपं होतं. "ते खोटं होतं," मी म्हटलं.

"असू दे." तिने चष्मा वर सरकवला, तो परत खाली घसरला. "मला तरी कुठे आवडायचं. चांगली वीस-बावीस वर्षांची होईपर्यंत मी आरशात बघायचं टाळायची. तुझ्या तोंडावर बघितलं तेव्हा आवडलं."

आईने पँटचा पाय सारखा केला, चाकाला हात लावला, आणि मशीन चालू केलं. शिलाई सरळ जात होती. मला वाटलं संपलं, एवढ्यावर भागलं, आता ती वाढायला उठेल आणि आमच्या घरात हे पुन्हा कधी निघणार नाही. मी आत जायला वळले. मशीन मध्येच थांबलं.

"म्हणजे तुला कुणीच नाही," आई म्हणाली.

तिने ते विचारलं नव्हतं. ती ते नुसतं म्हणाली, खाली शिलाईकडे बघत, आणि तिचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. एवढे दिवस ती त्या बाईवर विसंबून होती, स्वतःसाठी नव्हे. मी म्हणणार होते, असं काय गं, तू आहेस की मला. तोंडात आलंच होतं. पण ते वाक्य निवांतताईंचं वाटलं, म्हणून मी ते गिळलं आणि म्हटलं, "नाही. कुणीच नाही."